घरकामाला विज्ञानाचा दर्जा देणाऱ्या एलन स्वॉलो रिचर्ड्‌स

अमेरिकेतील हायस्कूलच्या विषयनिवडीच्या यादीत गणित, संगणकशास्त्र, जीवशास्त्र यांच्या बरेच खाली फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस असे एक नाव आढळते. कॉलेजप्रवेशाची गणिते मांडणाऱ्या मराठी पालकांची नजर त्यावर क्वचितच ठरते. स्वयंपाक, शिवण, घरखर्चाचा हिशेब, बालसंगोपन असे काहीसे त्यात शिकवतात, एवढीच त्याची सर्वसाधारण ओळख. या विषयाचे जुने नाव होम इकॉनॉमिक्स, मराठीत गृहशास्त्र. हलका समजला जाणारा हा विषय ज्या विदुषीने उभा केला, त्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या जगविख्यात संस्थेच्या पहिल्या विद्यार्थिनी होत्या आणि पाण्याच्या रासायनिक पृथक्करणातील आपल्या काळातील अग्रगण्य तज्ज्ञ होत्या. एलन स्वॉलो रिचर्ड्‌स हे त्यांचे नाव. रसायनशास्त्राकडून त्या स्वयंपाकघराकडे का वळल्या, आणि तसे वळताना त्यांनी काय मिळवले व काय गमावले, ही त्यांच्या जीवनातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

एलन यांचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजी मॅसॅच्युसेट्समधील डन्स्टेबल या खेड्यात झाला. आईवडील दोघेही शिक्षकी पेशातले. घरची शेती होती. एलन हे त्यांचे एकुलते एक अपत्य. प्रकृती नाजूक असल्याने मुलीला मोकळ्या हवेत वाढवावे, असा वैद्यकीय सल्ला मिळाला. त्यामुळे त्यांचे प्राथमिक शिक्षण घरीच झाले आणि बराचसा वेळ शेतावर, वडिलांच्या मागे फिरण्यात गेला. आईकडून त्यांनी स्वयंपाक, शिवणकाम आणि घर टापटीप ठेवण्याची शिस्त घेतली. तेरा वर्षांच्या असताना एका कृषिप्रदर्शनात त्यांनी भाजलेल्या पावाला आणि भरतकाम केलेल्या रुमालाला बक्षिसे मिळाली होती. पुढे घरकामाविषयी त्यांनी जे लिहिले, त्याला स्वतःच्या हातांचा अनुभव होता.

मुलीला चांगले शिक्षण मिळावे म्हणून १८५९ मध्ये हे कुटुंब वेस्टफर्ड येथे राहावयास गेले. वडिलांनी तेथे दुकान टाकले. एलन वेस्टफर्ड अकॅडमीत गणित, लॅटिन आदी विषय शिकत आणि उरलेल्या वेळात दुकान सांभाळत. शिक्षण संपल्यावर पुढची काही वर्षे कठीण गेली. शाळेत शिकवणे, शिकवण्या घेणे, आजारी आईची शुश्रूषा करणे आणि दुकानाचे हिशेब लिहिणे यांत दिवस जात. पण ज्ञानाची भूक भागत नव्हती. त्या काळात स्त्रियांना पदवीपर्यंतचे शिक्षण देणाऱ्या संस्था अमेरिकेतही मोजक्याच होत्या. न्यूयॉर्क राज्यात व्हॅसार कॉलेज १८६५ मध्ये सुरू झाले. एलन यांनी पै पै करून तीनशे डॉलर साठवले आणि १८६८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तेथे प्रवेश घेतला. खगोलशास्त्रज्ञ मारिया मिचेल यांच्यासारख्या गुरू त्यांना तेथे लाभल्या. आकाशाचे वेड लागूनही त्यांनी अखेर रसायनशास्त्र निवडले. कारण ते शास्त्र माणसांच्या रोजच्या जगण्याला अधिक उपयोगी पडेल, अशी त्यांची धारणा होती. १८७० मध्ये त्या पदवीधर झाल्या.

पदवी हाती आली, तरी स्त्रीला रसायनतज्ज्ञ म्हणून काम देणारे कोणी नव्हते. बॉस्टनमधील एका रासायनिक व्यवसायसंस्थेकडे त्यांनी उमेदवारीसाठी विचारणा केली, तेव्हा त्यांना नव्यानेच सुरू झालेल्या एमआयटीचा दरवाजा ठोठावण्याचा सल्ला मिळाला. त्या वेळी ही संस्था केंब्रिजमध्ये नसून चार्ल्स नदीच्या अलीकडे बॉस्टन शहरातच होती, आणि तेथे एकही स्त्री शिकत नव्हती. डिसेंबर १८७० मध्ये प्राध्यापकमंडळाने त्यांना विशेष विद्यार्थिनी म्हणून घेण्याचे ठरवले. मात्र या निर्णयामुळे स्त्रियांच्या प्रवेशाचा पायंडा पडला असे समजू नये, अशी पुस्तीही जोडली. त्यांच्याकडून फी घेण्यात आली नाही. आपल्या आर्थिक परिस्थितीचा विचार करून ही सवलत दिली असावी, असा एलन यांचा समज झाला. फी न घेण्यामागचे खरे कारण त्यांना नंतर कळले. कोणी हरकत घेतलीच, तर ही बाई आमच्या पटावर नाही असे सांगण्याची सोय संस्थेने करून ठेवली होती.

पुढच्याच वर्षी रेल्वे अपघातात वडिलांचे निधन झाले आणि आईची जबाबदारी एकट्या एलन यांच्यावर आली. तरीही अभ्यास थांबला नाही. प्रयोगशाळेत आपल्या वावराने कोणी दुखावू नये, म्हणून त्या धूळ झटकत, टेबले आवरत, प्राध्यापकांचे फाटलेले कपडे शिवून देत. आजच्या वाचकाला हे खटकेल. त्यांनी मात्र ते जाणूनबुजून पत्करले होते; बायकांचे काम करणारी बाई प्रयोगशाळेत बसली तर विरोधाची धार बोथट होते, हे त्यांनी ओळखले होते. १८७३ मध्ये त्यांना एमआयटीची बी.एस. पदवी मिळाली. त्याच वर्षी लोहखनिजाच्या पृथक्करणावरील प्रबंधासाठी व्हॅसारने त्यांना एम.ए. दिली. पुढे डॉक्टरेट करण्याची त्यांची इच्छा होती. पण ती संधी त्यांना एमआयटीत मिळाली नाही.

१८७५ मध्ये एमआयटीतील खाणकामशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट हॅलोवेल रिचर्ड्‌स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहानंतरचा प्रवास त्यांनी नोव्हा स्कोशिया येथे केला आणि रॉबर्ट यांचे खाणकामाचे विद्यार्थीही अभ्याससहलीसाठी बरोबर होते. बॉस्टनच्या जमैका प्लेन भागातील त्यांचे घर हीच पुढे एलन यांची पहिली गृहशास्त्रीय प्रयोगशाळा ठरली. धूळ धरणारे जड गालिचे आणि पडदे त्यांनी काढून टाकले, हवा खेळती राहील अशी व्यवस्था केली, कोळशाच्या चुलीऐवजी गॅसची शेगडी आणली आणि घरातील प्रत्येक कामाला लागणारा वेळ व पैसा यांचा हिशेब ठेवला. घरकामात मदत करणाऱ्या विद्यार्थिनींना त्या आपल्या घरी राहण्याची सोय देत.

पतीच्या मिळकतीमुळे पोटापाण्याची चिंता मिटली, तेव्हा एलन यांनी आपला वेळ आणि पैसा इतर स्त्रियांच्या शिक्षणाकडे वळवला. बॉस्टनमधील विमेन्स एज्युकेशन असोसिएशनच्या आर्थिक मदतीने १८७६ मध्ये एमआयटीत स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उघडली. प्राध्यापक जॉन ऑर्डवे तिचे प्रमुख होते. एलन बिनपगारी साहाय्यक होत्या आणि उलट दरवर्षी सुमारे हजार डॉलर स्वतःच्या खिशातून देत होत्या. तेथे येणाऱ्या स्त्रियांत शाळाशिक्षिकांचा भरणा मोठा होता. त्या शिक्षिका वर्गात विज्ञान शिकवत, पण परीक्षानळी त्यांनी स्वतः कधी हाताळलेली नसे. शाळेत काही बदलावयाचे असेल तर आधी शिक्षिका घडवली पाहिजे, हे सूत्र एलन यांना तेथे सापडले. याच सुमारास घरबसल्या पत्राद्वारे शिकू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी चालवलेल्या एका संस्थेचा विज्ञानविभागही त्या पाहत. दूरदूरच्या गावांतून येणाऱ्या पत्रांत अभ्यासाच्या प्रश्नांबरोबर आजारपण, थकवा आणि न संपणारे घरकाम यांच्याही कहाण्या असत. शिक्षित स्त्रीचेही आयुष्य घराच्या गैरव्यवस्थेत कसे झिजते, याचे दर्शन त्यांना या पत्रांतून घडले.

यानंतर त्यांच्या संशोधनाने घराची दिशा धरली. मॅसॅच्युसेट्समधील किराणा मालाचे नमुने त्यांनी तपासले, तेव्हा दालचिनीच्या पुडीत महोगनी लाकडाचा भुसा आणि साखरेत वाळू सापडली. १८८२ मध्ये द केमिस्ट्री ऑफ कुकिंग अँड क्लीनिंग हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पाव का फुगतो, पिष्ट आणि साखर यांचे शरीरात काय होते, साबणाने मळ कसा निघतो, कोणत्या डागावर काय वापरावे, याचे उलगडे त्यात गृहिणीला समजतील अशा रीतीने केले होते. खाद्यपदार्थ आणि त्यांतील भेसळ यांवरील त्यांचे पुस्तक त्यापाठोपाठ आले. विकत घेतलेल्या वस्तूत काय आहे हे ग्राहकाला कळले पाहिजे आणि ते तपासण्याची साधी साधने त्याच्या हाती असली पाहिजेत, हा विचार या लेखनामागे होता.

१८८३ मध्ये विद्यार्थिनींना एमआयटीच्या मुख्य प्रयोगशाळांत प्रवेश मिळू लागल्याने स्त्रियांची स्वतंत्र प्रयोगशाळा बंद झाली. पुढच्या वर्षी एलन यांची आरोग्यविषयक रसायनशास्त्राच्या निर्देशक म्हणून नेमणूक झाली. १८८७ मध्ये राज्याच्या आरोग्य मंडळाने नद्या, तलाव आणि विहिरी यांच्या पाण्याची व्यापक पाहणी हाती घेतली. हजारो नमुन्यांच्या पृथक्करणाची व्यवस्था एलन यांच्या देखरेखीखाली होती. समुद्रापासून जसजसे दूर जावे तसतसे पाण्यातील क्लोराइडचे नैसर्गिक प्रमाण घटत जाते. एखाद्या ठिकाणी ते अपेक्षेपेक्षा अधिक आढळले, तर तेथे मैल्याचे पाणी मिसळत असल्याचा संशय घ्यावा, या तत्त्वावर साऱ्या राज्याचा नकाशा तयार झाला. अमेरिकेतील पिण्याच्या पाण्याच्या दर्जाविषयीच्या पुढील कामाला या पाहणीने भक्कम पाया दिला. शहराची गटारे आणि घरातील पेला यांचा संबंध त्यांनी आकड्यांनी दाखवला. घर चार भिंतींत संपत नाही, त्याला येणारे पाणी, हवा, दूध आणि धान्य हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे त्यांच्या गृहशास्त्राचे बीज येथे आहे.

१८९० मध्ये मेरी हिन्मन एबल यांच्या सहकार्याने त्यांनी बॉस्टनमध्ये न्यू इंग्लंड किचन सुरू केले. कष्टकरी कुटुंबांना स्वस्त, पौष्टिक आणि प्रत्येक वेळी सारख्याच गुणवत्तेचे तयार अन्न मिळावे, आणि ते कसे शिजते हे त्यांना डोळ्यांनी पाहता यावे, हा त्यामागील हेतू. मांसाचा रस्सा, वाटाण्याचे सूप, मक्याच्या पिठाची लापशी असे पदार्थ तेथे मोजूनमापून शिजत. ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता, त्या स्थलांतरितांनी मात्र त्याकडे पाठ फिरवली. आयर्लंड, इटली आणि युरोपच्या इतर भागांतून आलेल्या या माणसांना आपल्या चवीचे, आपल्या सणावारांचे, आपल्या आईच्या हातचे अन्न हवे होते. परदेशात राहून गोडा मसाला आणि कोकम शोधत फिरणाऱ्यांना त्यांचे मन समजणे अवघड नाही. पोषणमूल्यांचे कोष्टक अचूक असूनही त्यात खाणाऱ्याची स्मृती धरलेली नव्हती. एलन यांच्या साऱ्या कार्यातील ही मोठी उणीव होती, आणि त्यांच्या विषयालाही ती पुढे दीर्घकाळ चिकटून राहिली.

तरीही त्या प्रयोगातून एक टिकाऊ गोष्ट निष्पन्न झाली. १८९३ च्या शिकागो विश्वप्रदर्शनात त्यांनी रम्फर्ड किचन या नावाने आदर्श स्वयंपाकघर मांडले. त्याच वर्षी आणि त्याच शहरात, प्रदर्शनानिमित्त भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंदांची वाणी घुमली, हे भारतीय वाचकांना ठाऊकच आहे. या स्वयंपाकघरात मिळणाऱ्या जेवणाबरोबर त्यातील प्रथिने, स्निग्ध पदार्थ आदींचे प्रमाण सांगणारी माहिती दिली जाई. पुढच्या वर्षी बॉस्टनमधील हायस्कुलांना दुपारचे जेवण पुरवण्याचे काम न्यू इंग्लंड किचनकडे आले. त्याआधी शाळांचे रखवालदार जे विकत, तेच मुले खात. शाळेतील जेवण हा शिक्षणाचाच एक भाग आहे, ही कल्पना अशी व्यवहारात उतरली.

स्वयंपाक आणि शिवण हे विषय काही अमेरिकन शाळांत तोवर शिरले होते. बॉस्टनमध्ये मेरी हेमेनवे यांच्या देणगीतून सार्वजनिक शाळेत स्वयंपाकाचे वर्गही निघाले होते. परंतु कोण काय शिकवील, कशासाठी शिकवील, कोणत्या इयत्तेत किती शिकवील, याचा कोठेही मेळ नव्हता. हा मेळ घालण्यासाठी सप्टेंबर १८९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड येथे अकरा जण एकत्र जमले. ग्रंथालयांतील दशांश वर्गीकरणाचे जनक मेल्विल ड्यूई आणि त्यांच्या पत्नी ॲनी हे यजमान होते आणि एलन अध्यक्षस्थानी होत्या. विषयाला कोणते नाव द्यावे यावर बरीच चर्चा होऊन होम इकॉनॉमिक्स हे नाव निश्चित झाले. पुढे १९०८ पर्यंत अशा दहा परिषदा झाल्या. प्राथमिक शाळा, हायस्कूल, कॉलेज आणि शिक्षिकांचे प्रशिक्षण अशा प्रत्येक पायरीसाठी त्यांत विचारविनिमय झाला. हायस्कूलच्या पातळीवर केवळ पदार्थांच्या कृती न शिकवता त्यामागील रसायन, आरोग्य, अंदाजपत्रक आणि समाजव्यवहार शिकवावा, असा एलन यांचा आग्रह होता. परिषदांच्या कामातूनच अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन ही देशव्यापी संस्था स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या अध्यक्ष एलन झाल्या.

१९१० मध्ये स्मिथ कॉलेजने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. एमआयटीत मात्र सत्तावीस वर्षे काम करूनही त्या अखेरपर्यंत निर्देशकच राहिल्या. प्राध्यापकपद त्यांना मिळाले नाही. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवासाठी व्याख्यान तयार करीत असतानाच त्यांची प्रकृती ढासळली आणि ३० मार्च १९११ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात विषय झपाट्याने पसरला. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने हायस्कूलमधील व्यवसायशिक्षणाला संघराज्याचा निधी मिळू लागला आणि त्यात गृहशास्त्राचा समावेश झाला. शाळोशाळी स्वयंपाकाचे ओटे आणि शिवणयंत्रे आली. पण या विस्ताराची किंमतही मोजावी लागली. विषय व्यवसायशिक्षणाच्या खात्यात गेला, मुलींपुरता मर्यादित झाला, आणि पुष्कळ शाळांत त्यातील रसायनशास्त्र गळून केवळ कृती उरल्या. विद्यापीठांतील चित्रही असेच दुहेरी होते. रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या स्त्रियांना मूळ विभागात जागा नाकारून गृहशास्त्र विभागात पाठवले जाई. बर्कलीच्या ॲग्नेस फे मॉर्गन यांनी तेथूनच जीवनसत्त्वांवर मोलाचे संशोधन केले. ज्या दारातून एलन यांनी स्त्रियांना विज्ञानात नेले, त्याच दाराआड त्यांना थांबवून ठेवण्याची सोयही समाजाने करून घेतली. संशोधनाचे मोठे दरवाजे ढकलत बसण्याऐवजी त्यांनी बाजूची वाट काढली, हा त्यांचा दोष मानावा की धोरण, यावर आजही अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांच्यापुढे मोकळी असलेली दुसरी वाट कोणती होती, हे त्या मतभेदात विसरता येत नाही.

महाराष्ट्रालाही या चळवळीचा अप्रत्यक्ष स्पर्श झालेला आहे. एलन यांच्या कार्याच्या ऐन बहरात, १८९० नंतरची काही वर्षे, जिन्झो नारुसे हे जपानी शिक्षणतज्ज्ञ मॅसॅच्युसेट्समध्ये शिकत होते आणि स्त्रीशिक्षणाचा अभ्यास करीत होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी १९०१ मध्ये टोकियोत स्त्रियांचे विद्यापीठ काढले आणि त्यात गृहशास्त्राला आरंभापासून स्थान दिले. या विद्यापीठाची माहितीपुस्तिका पुण्याजवळच्या हिंगण्यात महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली. तिने त्यांच्या मनातील कल्पनेला आकार दिला आणि १९१६ मध्ये भारतातील पहिले महिला विद्यापीठ उभे राहिले. मातृभाषेतून शिक्षण आणि अभ्यासक्रमात आरोग्य व गृहजीवन यांना जागा, ही त्याची वैशिष्ट्ये होती. मुलींना वेगळा अभ्यासक्रम द्यावा की मुलांचाच द्यावा, हा बॉस्टनमधील वाद मग पुण्यातही झाला.

१९७२ च्या टायटल नाइन कायद्याने संघराज्याचे अनुदान घेणाऱ्या शाळांत मुलगा-मुलगी असा भेद करण्यास बंदी आली आणि गृहशास्त्राच्या वर्गाची दारे मुलग्यांनाही उघडली. १९७३ मध्ये, एलन यांच्या पदवीला शंभर वर्षे झाली तेव्हा, एमआयटीने त्यांच्या नावाचे प्राध्यापकपद निर्माण केले. १९९४ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेने फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस हे नवे नाव धारण केले. भाड्याचा करार, क्रेडिट कार्डावरील व्याज, डब्यावरील पोषणमूल्यांचा तक्ता, नळाच्या पाण्याचा वार्षिक अहवाल आणि चार माणसांचे जेवण हे सारे घर सोडून बाहेर पडणाऱ्या अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीपुढे पहिल्याच महिन्यात येऊन ठाकते. त्यातील बराचसा भाग सव्वाशे वर्षांपूर्वी एलन यांनी अभ्यासाच्या कक्षेत आणला होता. विषयनिवडीच्या यादीवरून नजर फिरवताना त्या एका नावापाशी थोडे थांबावे, इतके त्यांचे ऋण निश्चित आहे.